मराठवाड्यात राहून स्वतःची रॉक गाणी करणं: पोटापाण्याचं जमतं का? (निमित्त झुबीन गर्ग)

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. बहिणीच्या सांगण्यावरून धागा काढतोय, तिला मात्र सांगू नका.

भाचा २३ वर्षांचा. मेकॅनिकल झालंय. लातूरला घरीच आहे असं बहीण म्हणते, तो म्हणतो मी कामात आहे. काम म्हणजे माळवदावरच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून रेकॉर्डिंग. गिटार, पेटी, हलगी, माउथ ऑर्गन सगळं स्वतःच वाजवतो, एकावर एक चढवतो आणि वरून गातो. गाणी स्वतःची, बोली आपली, वाजवणं रॉकचं. २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा हा घागर घेऊन रांगेत उभा होता, त्यावर एक गाणं आहे. मला त्यातला गोंगाट झेपत नाही, पण शब्द ऐकून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये आसामचा गायक झुबीन गर्ग सिंगापूरला वारला त्या दिवशी हा पोरगा जेवला नाही. मला 'या अली' सोडून काही ठाऊक नव्हतं. मग वाचत बसलो. जन्म १९७२, मेघालयातल्या तुरा गावचा. नाव झुबिन मेहतांवरून ठेवलेलं. आई गाणारी, वडील मॅजिस्ट्रेट आणि कवी. ११ वर्षं तबला शिकला. १९९२ला पहिला अल्बम 'अनामिका', तोही असमियात. ढोल, दोतारा, मेंडोलिन, कीबोर्ड, हाताला लागेल ते वाजवायचा. मुंबईत नाव झालं तरी मुक्काम गुवाहाटीलाच. अंत्ययात्रेची गर्दी तुम्हीही टीव्हीवर पाहिली असेल.

प्रश्न सरळ आहे. असं आयुष्य आपल्या आठ जिल्ह्यांत राहून उभं राहू शकतं का? की पोराला पुण्याला पाठवू? की गिटार माळ्यावर टाकून स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू?

बीडकर_काका:
आधी नोकरी, मग गिटार. धागा बंद करायला हरकत नाही.

परभणीची_पोर:
बनी तो बनी, नहीं तो परभणी. पाठवून द्या आमच्याकडं :)

बाकी काका, तुमचा पोरगा चार वर्षं पुण्यात अभ्यासिकेत बसलाय, त्याचं काय झालं?

बीडकर_काका:
विषय धाग्याचा आहे.

गोदातीर:
थोडं कडू बोलतो. झुबीनची तुलनाच चुकीची आहे. आसाम राज्य आहे. त्याचा स्वतःचा सिनेमा आहे, चॅनल आहेत, राजधानी आहे. मराठवाडा हा एका मोठ्या राज्याचा कोपरा. मराठी गाण्याचा सगळा बाजार मुंबई-पुण्याला बसलाय, आणि आपल्या बोलीतलं पात्र तिथं विनोदी नोकर म्हणूनच चालतं. नांदेडचा पोरगा रॉक गाऊ लागला तर त्याला दोनच वाटा: गाव सोडणं नाही तर लग्नात 'झिंगाट' वाजवणं.

आणि दुसरं. 'या अली' नसतं तर आपण झुबीनवर धागा काढला असता का? त्या गाण्याची मूळ चाल कुवेतच्या गिटारा नावाच्या ग्रुपची. म्हणजे स्वतःची गाणी करणाऱ्याला देशानं ओळखलं ते दुसऱ्याच्या चालीवर. यातच सगळं आलं.

चहामळा:
गोदातीर, तुमचा दुसरा मुद्दा निम्मा बरोबर आहे. निम्मा बरोबर म्हणजे जास्त घातक.

मी मूळ अंबाजोगाईचा. बँकेच्या नोकरीत सहा वर्षं वरच्या आसामात काढली. तिथं 'या अली'मुळे कुणी झुबीनला ओळखत नव्हतं. उलट, 'आमचा झुबीन तुमच्यासाठीही एक गाणं गायला' असा सूर असायचा. २००६ साली 'या अली'वाला 'गँगस्टर' सिनेमा आला तेव्हा 'अनामिका'ला चौदा वर्षं झाली होती. घराघरांत कॅसेटी होत्या. मुंबईनं त्याला मोठं केलं नाही, मुंबईला तो उशिरा सापडला.

पण कॅसेटींवर किंवा सिनेमावर कुणी तीस वर्षं तगत नाही. खरी गोष्ट बिहूची. एप्रिलच्या मध्याला बोहाग बिहू, म्हणजे असमिया नववर्षाचा सण. त्यानंतर जवळपास महिनाभर गावोगावी, गल्लोगल्ली बिहूतोली म्हणजे मांडव. वर्गणी गोळा होते, स्टेज लागतं आणि रात्र-रात्र गाणं चालतं. छोट्या मांडवात तालुक्याचा गायक, मोठ्यात झुबीन. गायकाचं वर्षाचं गणित या एका महिन्यावर. नवीन गाणं काढायचं तर बिहूच्या आधी, म्हणजे मांडवात लोक सोबत म्हणतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एकदा चहाच्या मळ्यातले एक आजोबा होते. पोरांच्या जोडीनं सगळे शब्द म्हणत होते, गिटारचा सोलो आला की डोळे मिटायचे. रॉक बिक त्यांना काही माहीत नव्हतं. आपल्या भाषेतलं होतं, दरवर्षी येणारं होतं.

त्याच मांडवांत हिंदी गाऊ नका असा उल्फा या तिथल्या सशस्त्र फुटीर संघटनेचा फतवा होता. त्यानं तो उघडपणे झुगारला. लोक तरी त्याच्याच बाजूला राहिले. हे धैर्यसुद्धा तिथल्या लोकांच्या जिवावर येतं, मुंबईच्या नाही.

म्हणून मला विचाराल तर प्रश्न 'पुणे की लातूर' हा नाहीच. आपल्याकडे बिहूतोली कुठली, ते आधी शोधा.

सुरावट:
अवांतर, पण राहवत नाही. 'गँगस्टर'मध्येच 'भीगी भीगी' आहे ना? त्याची चाल कोलकात्याच्या 'मोहीनेर घोडागुली'च्या गाण्याची. सत्तरच्या दशकातला बंगाली बँड, तेव्हा त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. आणि 'भीगी भीगी' गायला कोण? बांगलादेशचा जेम्स. म्हणजे एका हिंदी सिनेमात गुवाहाटी, कोलकाता आणि ढाका अशी तीन ठिकाणची रॉक मंडळी आली, आणि आपण त्याला बॉलिवूडचं संगीत म्हणून लग्नात वाजवलं.

गोदातीर:
हे माहीत नव्हतं. दंडवत.

हलगी_तापवा:
नाथ महाराजांचं भारूड म्हणजे मराठवाड्यातलं पहिलं रॉक. पैठण हीच आपली...

परभणीची_पोर:
झालं सुरू. दर धाग्यात कुणीतरी नाथांच्या हातात गिटार देतंच. राहू द्या की त्यांना त्यांच्या जागी.

हलगी_तापवा:
बरं, नाथ सोडा. तुळजापूरला गोंधळ रात्रभर ऐकलाय का कधी? तुणतुण्याची एकच तार, तासन् तास एकच सूर, खाली संबळ वाकड्या काठीनं घुमतंय आणि वर माणूस घसा फाडून आईला हाक मारतोय. भाच्याला म्हणावं गिटारची जाड तार तुणतुण्यासारखी एकाच जागी धरून बघ. मी काय कुणाला रॉक म्हणत नाही, पण हात त्याच जागी जातो.

उदगीरचा:
हलगीभाऊंना +१. आमच्या उदगीरला कानडी कानावर पडतंच. रघू दीक्षित ऐका. शिशुनाळ शरीफ हे एकोणिसाव्या शतकातले कानडी संतकवी, त्यांची पदं हा माणूस ड्रम-गिटारवर गातो आणि जगभर लोक नाचतात. शिकला मायक्रोबायोलॉजी, गाणं मागाहून. पहिला अल्बम २००८ला, चौतिशीच्या तोंडावर. तेव्हा २३ म्हणजे काही उशीर नाही.

आणि काकांसाठी: त्यानं आधी नोकरीच केली होती.

बीडकर_काका:
मी तेच म्हणलो होतो. :)

लेणीकर_आजोबा:
नमस्कार. वय ७४, मुक्काम छत्रपती संभाजीनगर. तुम्हा पोरांना वाटतं मराठी रॉक काल जन्मलं. १९७८च्या 'तीन पैशाचा तमाशा'त नंदू भेंडे अंकुश करायचे. आमच्या पिढीनं मराठी रंगभूमीवर तसला आवाज आधी ऐकलाच नव्हता. हा गृहस्थ त्याआधी १९७४ला मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्युडास गाऊन आलेला. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, दोनदा तिकीट काढलं. दुसऱ्यांदा बायको म्हणाली, एवढा ओरडतो, घसा बसत नाही का याचा? मला अजून ते घुमणं आठवतं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता नाटकाला जाणं होत नाही. इकडे नाट्यगृहाच्या पायऱ्याच फार. असो, विषय भरकटला.

सांगायचं एवढंच की आवाज होता, तालीमही होती. तरी मराठीत रॉकची गादी तेव्हा तयार झाली नाही. एक नाटक संपलं की पुढचं नाटक वेगळं. आता वरच्या आसामवाल्या गृहस्थांचं वाचून कारण थोडं उमगतंय. दरवर्षी परत यायला जागाच नव्हती.

संख्याबाई:
गोदातीर, तुमच्या 'कोपऱ्या'चा हिशेब मांडते. २०११च्या जनगणनेत असमिया मातृभाषा सांगणारे सुमारे १.५३ कोटी. मराठवाड्याची लोकसंख्या तेव्हाच सुमारे १.८७ कोटी. म्हणजे झुबीनचे मूळ श्रोते आपल्या आठ जिल्ह्यांपेक्षा कमी. माणसं कमी पडत नाहीत, सबब दुसरी शोधा.

गोदातीर:
माणसं आहेत हो, पण ती ऐकायला एकत्र कधी जमतात?

निळी_पहाट:
मी इतका वेळ वाट बघत होते की कुणीतरी म्हणेल. कुणीच म्हणेना. १४ एप्रिल!

चहामळा म्हणतात 'आपली बिहूतोली शोधा'. ती सापडायला एवढे प्रतिसाद लागावेत? बिहूपण एप्रिलच्या मध्याला आणि भीमजयंतीपण. आमच्याकडे जयंती एका दिवसाची नसते. तारखा वाटून घेतात, या वस्तीत १४ला, त्या गावात २०ला, पलीकडं मे उजाडला तरी चालूच. वर्गणी, मांडव, स्टेज, रात्रभर गाणं. चहामळांनी जे वर्णन केलंय त्यातलं एकही वाक्य बदलायला नको.

माझ्या वडिलांची गायन पार्टी होती, जालना जिल्ह्यात. पेटी, ढोलकी, बँजो आणि कोरसला दोन जण. वडील स्वतः लिहायचे, स्वतः चाल बांधायचे, पेटी स्वतःच वाजवायचे, ढोलकीवाला आला नाही तर ढोलकीपण. तुम्ही ज्याला 'सिंगर-साँगरायटर' म्हणता त्याला आमच्या वस्तीत 'गायक' म्हणतात. दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्याला तेवढा मान नव्हता. फेब्रुवारीपासून नवीन गाणी बांधायला बसायचे, कारण गेल्या वर्षीचंच गाणं आणलं तर लोक तोंडावर विचारायचे, 'नवीन काही नाही का?' सुपाऱ्या मार्चमध्ये ठरायच्या. इसार हातात पडला की आई किराणा भरायची.

पण गोड चित्र काढत नाही. बिदागी ठरलेली एक आणि पहाटे हातात पडायची एक. एका गावात पहाटे चारला गाणं संपलं तर वर्गणीचा डबा सांभाळणारा माणूस निघून गेलेला. टेम्पोचं भाडं वडिलांनी खिशातून दिलं. जून ते सप्टेंबर काही नाही. वडील उरलेलं वर्ष गवंडीकाम करायचे. गाण्यानं नाव झालं, घर गवंडीकामानं चाललं.

आणि एक प्रश्न आहे, रागानं नाही. रॉकची चर्चा चालली की भारूड आठवतं, गोंधळ आठवतो, बंगालचा बँड आठवतो. शेजारच्या वस्तीत दरवर्षी महिनाभर चालणारं जिवंत गाणं का नाही आठवत?

चहामळा:
उत्तर तुम्हाला आणि आम्हाला दोघांनाही माहीत आहे. सहा वर्षं आसामात बिहू बघितला आणि अंबाजोगाईत जन्म काढून जयंतीच्या मांडवात एक रात्र बसलो नाही. चूक माझी.

गोदातीर:
निळी_पहाट, मी माझा 'दोनच वाटा' वाला मुद्दा मागे घेतो. बिदागीचा मात्र घेत नाही, तो तुम्हीच सिद्ध केलात.

साउंड_जालना:
लई मोठ्या गप्पा झाल्या, आता स्टेजवर या. माझं साउंडचं काम आहे, बारा वर्षं. भाच्याला चार गोष्टी सांगा.

घरी सगळं स्वतः वाजवतो ते ठीक. स्टेजवर हात दोनच. एक तर लूपची मशीन घे, पायानं दाबायची, गिटारचा एक तुकडा फिरत ठेवायचा आणि त्याच्यावर हलगी वाजवायची. नाहीतर तीन पोरं जमव. लूपचं वीज गेली की काय होतं ते मी बघितलंय. पब्लिक हसलं, पोरगं रडलं.

हलगी आणि ड्रमचा स्नेअर एकमेकांच्या अंगावर जातात. दोन्हीचा आवाज कडक, एकाच पट्टीत फुटतो. हलगी असंल तर स्नेअर कमी कर. कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं, कागद पेटवून शेकावं लागतं, दोन गाण्यांच्या मध्ये टाइम ठेव. मांडवात कुणी आग पेटवू देत नाही, मग बाहेर पळा.

आणि रात्री १० वाजता स्पीकर बंद, कायदाय. वर्षात १५ दिवस सरकार १२ पर्यंत मुभा देऊ शकतं, त्यात तुझा दिवस असंल की नाही ते आधी विचार. डीजेवाला भिंत लावून बसला शेजारी, तर तुझं गिटार तुलापण ऐकू येणार नाही.

परभणीची_पोर:
'पब्लिक हसलं, पोरगं रडलं' ही कुणाची तरी आत्मकथा होऊ शकते. हसून हसून पुरेवाट.

साउंड_जालना:
माझीच हाय. साउंडमध्ये हौस म्हणून आलो का काय.

कागदी_वाघ:
रुक्ष प्रतिसाद देतो, पण वाचा. माझ्या मित्रानं आपलं गाणं एका यूट्यूब चॅनलवाल्याला शंभराच्या बाँडवर लिहून दिलं, पाच हजारांत, 'कायमचं'. गाणं प्रत्येक वरातीत वाजलं. मित्राला पाच हजारच.

२०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा कायमचा लिहून घेता येत नाही. तो वारसाकडे जातो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडे. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९पासूनची, मुंबईत. भाचा शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच करतो, म्हणजे दोन्ही वाटे त्याचे. सदस्य व्हायचं आणि प्रत्येक गाण्याची नोंद करायची. सुरुवातीला त्यातून चहाचे पैसे सुटतील. पण गाणं चाललं तर त्या दिवशी नोंद असलेली बरी, नंतर वकील महाग पडतो.

निळी_पहाट:
वडिलांची एक वही आहे, दोनशेच्या वर गाणी. त्यातली काही आज दुसऱ्यांच्या नावावर फिरतात. वारसाचं काही होतं का?

कागदी_वाघ:
होतं. वहीचे फोटो काढून ठेवा आज. तारखा असतील तर फारच उत्तम. निरोप टाकतो तुम्हाला.

औंढेकरीण:
सगळं छान. पण त्याच्या लग्नाचं कसं? आमच्याकडे शेती असली तरी पोरी देईनात, वर हा म्हणणार मी रॉक गातो. मुलीच्या बापाला काय सांगायचं, दगड?

बीडकर_काका:
शेवटी कुणीतरी मुद्द्याचं बोललं.

हलगी_तापवा:
सांगायचं, कंपनीत आहे. कंपनीचं नाव विचारलं की बँडचं सांगायचं.

मांजराकाठ:
मंडळी, आठ दिवस गायब होतो, ज्वारीची काढणी होती. सगळं वाचलं. भाच्यालाही वाचायला दिलं, बहिणीला नाही.

तो आधी चिडला. 'मामा, माझी गाणी जयंतीची नाहीत, मी उसनं अवसान आणून तिथं गेलो तर ते खोटं होईल.' मला पटलं. मग रात्री स्वतःच आला. म्हणाला, पाण्याच्या रेल्वेचं गाणं कुठंही चालेल, रांगेत सगळेच होते. पण तिथं आधी ऐकायला जाईन, गायला नंतर. निळी_पहाट, तुमच्या जालन्याकडं कुठल्या तारखेला काय असतं ते कळवाल का? त्याला वडिलांची वहीपण बघायची आहे, तुमची परवानगी असेल तर.

पुण्याचं सध्या रद्द. नोकरीचं अर्धं ठरलंय. इथल्याच एका वर्कशॉपमध्ये सकाळी आठ ते दोन. काका, तुमचं अर्धं ऐकलं म्हणा. आयपीआरएसचा फॉर्म भरायला घेतलाय, अडलं तर वाघांना विचारू.

आणि शेजारच्या गावच्या मंडळानं त्याला एक तारीख दिली आहे. यात्रेच्या आदल्या रात्री, ८ ते ९, नाटकाच्या आधी. बिदागी दीड हजार, त्यातले पाचशे इसार म्हणून खरंच हातात दिले. भाच्यानं ती नोट गिटारच्या पेटीत ठेवली आहे, मोडायला तयार नाही. अडचण एकच, ते विचारतात जनरेटर कुणाचा?

साउंड_जालना:
माझा. डिझेल तुमचं. लूपची मशीन घरी ठेवायला सांगा.

निळी_पहाट:
२३ एप्रिलला या. रात्री मुक्काम आमच्याकडं. वही दाखवते, पण फोटो मी काढणार.

परभणीची_पोर:
मीपण येते. औंढेकरीणताई, तुम्ही पोराला बघायला येणार असाल तर सोबत जाऊ :)